कवि बियालिक व बेने इस्राएलांचीं मराठी कीर्तनें

सोलापुरांत काव्य व कीर्तन यांचा संबंध नव्यानें सांगावयास नको. पेशवाईच्या उत्तरकाळीं येथें होऊन गेलेला रामजोशी प्रथम फडावर लावण्या गाई. पुढें बारामतीकर मोरोपंतांच्या उपदेशानें तो कीर्तनाकडे वळला व पंतांच्या आर्या त्यानें गांवोगांव नेल्या, ही परंपरेनें चालत आलेली हकीकत सर्वश्रुत आहे. तिच्या तपशिलाविषयीं वाद असूं शकेल. परंतु जें काव्य पोथींत राहून पंडितांपुरतेंच उरलें असतें, तें कीर्तनकाराच्या मुखानें निरक्षरांच्या कानांपर्यंत पोंचलें, एवढें तिच्यावरून निर्विवाद ठरतें.

प्रस्तुत लेखांत ज्या कीर्तनांचा विचार आम्ही करणार आहों, त्यांचीं आख्यानें भारत-भागवतांतील नाहींत. अब्राहाम, योसेफ, मोशे, एस्तेर हे त्यांचे नायक-नायिका होत. भाषा मात्र शुद्ध मराठी, कवि कोंकणांतले, आणि ज्या मूळ ग्रंथांवरून तीं रचलीं, ते हिब्रू भाषेंतील. हीं कीर्तनें मुंबईंत सुरू झालीं, त्याच्या पुढल्याच दशकांत रशियांतील ओडेसा बंदरीं एक तरुण हिब्रू कवि उदयास आला. अर्वाचीन हिब्रू काव्याचा तो मुकुटमणि समजला जातो. एकाच प्राचीन वाङ्मयाला दोन ठिकाणच्या वारसांनीं दोन भिन्न रीतींनीं जिवंत केलें. त्यांपैकीं एका ठिकाणचे कागद आज जतन झालेले आहेत. दुसऱ्या ठिकाणचे पुष्कळसे आमच्याच आसपास, पेट्यांच्या तळाशीं, पडलेले असण्याचा संभव आहे. संग्राहक मंडळींची दृष्टि तिकडे वळावी, म्हणून हा प्रपंच.

बेने इस्राएल लोकांची पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. त्यांचे पूर्वज समुद्रमार्गें येत असतां कुलाबा जिल्ह्यांत (हल्लींचा रायगड) नवगांवनजीक गलबत फुटलें व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या, अशी त्यांची परंपरा आहे. पुढें तेलाच्या घाण्याचा धंदा त्यांनीं पत्करला आणि शनवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांस शनवार तेली म्हणूं लागले. गांवांवरून पडलेलीं आडनांवें आपल्यासारखींच आहेत: राजपुरकर, दिवेकर, किहीमकर, अष्टमकर, तळकर. कित्येक शतकांत हिब्रू भाषा ते विसरून गेले. शमा नांवाचें एक हिब्रू वचन, सुंता, शनवारचा विसावा व खाण्यापिण्याचे निर्बंध एवढें त्यांच्यापाशीं उरलें. सणहि राहिले, पण त्यांचीं नांवें मराठी झालीं. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या दिवसाचा तो दारफळणीचा सण, कारण त्या दिवशीं दार लावून घेऊन आंत बसावयाचें. यरुशलेमचें मंदिर पडलें त्या शोकदिवसाचा बिरड्याचा सण, कारण त्या दिवशीं जेवणांत बिरडें. याशिवाय खिरीचाहि एक सण होता. ज्यास भाषेच्या इतिहासाची आवड आहे, त्यानें हीं नांवें पुनः एकदां वाचावीं. ग्रंथ हरवला असतांहि आचार टिकतो, आणि टिकतांना तो स्वयंपाकघराची भाषा बोलूं लागतो, ह्याचें याहून चांगलें उदाहरण आमच्या पाहण्यांत नाहीं.

हरवलेला ग्रंथ परत मिळाला तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. कोचीनच्या यहुदी शिक्षकांनीं त्यांस प्रार्थना शिकविल्या. कंपनी सरकारच्या पलटणींतील अंमलदार सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनीं इ. स. १७९६ त मुंबईंत पहिलें सिनेगॉग बांधलें. त्यास हे लोक मशीदच म्हणत. पुढें स्कॉच मिशनरी जॉन विल्सन यांनीं इ. स. १८३२ त मराठी भाषेंत हिब्रूचें व्याकरण छापलें. विल्सनसाहेबांचा हेतु धर्मांतराचा होता हें उघड आहे. तो बहुतांशीं फसला. परंतु त्यांच्या शाळांतून हिब्रू व मराठी दोन्ही लिहूं शकणारी एक पिढी मात्र तयार झाली. दात्याच्या मनांत एक असतें आणि घेणारा त्याचें दुसरेंच कांहीं करतो, असें विद्येच्या इतिहासांत वारंवार घडतें.

त्या पिढीचें पहिलें मोठें फळ म्हणजे मराठी भाषांतरासह हिब्रू ग्रंथ. वल्हांडण सणाच्या रात्रीं घरीं वाचावयाचा जो ग्रंथ, त्यास हगादा म्हणतात. ह्या शब्दाचा अर्थच 'सांगणें', म्हणजे आपल्या परिभाषेंत आख्यान. मिसर देशांतील दास्यांतून इस्राएलांची सुटका कशी झाली, ती कथा मुलांनीं प्रश्न विचारून वडिलांकडून ऐकावयाची असते. ही हगादा मराठी अर्थासह इ. स. १८४६ त मुंबईंत शिळाछापावर निघाली. त्यानंतरची इ. स. १८७४ ची पुण्याची आवृत्ति मोशे याकोब तळकर व अहरोन दावीद तळकर यांनीं काढली आणि ती छापली विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यांत. अग्निहोत्र्यांच्या छापखान्यांत यहुद्यांचा धर्मग्रंथ छापला जावा, यांत त्या काळच्या पुणेकरांस कांहीं विपरीत वाटलेलें दिसत नाहीं, आणि आम्हांसहि वाटत नाहीं. ह्या प्रतीचें विशेष महत्त्व तिच्यांतील चित्रांस आहे. कित्येक चित्रें युरोपांतील जुन्या हगादांच्या वळणावर आहेत. परंतु बेखमीर भाकरी करण्याच्या चित्रांत स्त्रिया जमिनीवर बसलेल्या, लुगडीं नेसलेल्या, आपल्याकडच्या रीतीनें कामांत गुंतलेल्या दाखविल्या आहेत. चित्रकाराच्या डोळ्यांसमोर आमस्टरडॅम नव्हतें, शेजारचें घर होतें. आज ही प्रत परदेशी ग्रंथालयांतून व लिलावांतून मोठ्या आदरानें दाखविली जाते.

ह्याच कामांत आयुष्य घालविणारे गृहस्थ म्हणजे जोसेफ इझिकेल राजपुरकर (१८३४–१९०५). मुंबईंतील डेव्हिड ससून यांच्या शाळेचे ते दीर्घकाळ मुख्याध्यापक होते व मुंबई विद्यापीठांत हिब्रूचे परीक्षक होते. यहुदी उपासनेचे अनेक ग्रंथ त्यांनीं मराठींत उतरविले. भाषांतरकाराचें नांव लोक लवकर विसरतात, कारण त्याचें यश न दिसण्यांत असतें. राजपुरकरांचेंहि तसेंच झालें आहे.

तथापि भाषांतरानें ग्रंथ समजतो. त्यानें मनुष्य रडत नाहीं कीं डोलत नाहीं. तें काम कीर्तनाचें. इ. स. १८८० च्या सुमारास मुंबईंतील कांहीं बेने इस्राएल गृहस्थांनीं शेजारच्या हिंदु कीर्तनांच्या धर्तीवर आपल्या शास्त्रांतील आख्यानें लावावीं असें ठरविलें. बेंजामिन शिमशोन अष्टमकर व दावीद हायम दिवेकर हीं नांवें ह्या उपक्रमाशीं निगडित आहेत. साकी, दिंडी, आर्या, पदें हा आमच्या नित्य परिचयाचा सारा संभार त्यांनीं जसाच्या तसा उचलला. तंबोरा-मृदंगाच्या साथीनें उभ्या राहिलेल्या कीर्तनकारानें भावांनीं विहिरींत टाकलेल्या योसेफाची कथा दिंडींत सांगावी, आणि पुढें बसलेल्या बायांनीं पदरानें डोळे पुसावे, ह्यांत धर्म कोणाचा व रीत कोणाची हें निराळें काढणें कठीण आहे. योगायोग असा कीं, ज्या वर्षाशीं ह्या कीर्तनांचा आरंभ जोडला जातो, त्याच १८८० सालीं पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांचें 'शाकुंतल' रंगभूमीवर आलें. मराठी पद त्या काळीं भरास आलेलें होतें, आणि त्या भराचा लाभ शनवार तेल्यांच्या वंशजांनीं घेतला.

ह्या पदरचनेंत थोर काव्य आहे असा आमचा दावा नाहीं. पुष्कळ ठिकाणीं ती बोधपर आहे. परंतु हिब्रू वाङ्मयाच्या दृष्टीनें तिचें महत्त्व निराळें आहे, आणि तें समजण्यासाठीं ओडेसाकडे वळणें भाग आहे.

हायिम नाखमान बियालिक याचा जन्म इ. स. १८७३ त व्होल्हिनिया प्रांतांतील राडी नांवाच्या खेड्यांत झाला. तो सात वर्षांचा असतां बाप वारला. आईला पोट चालविणें अशक्य झाल्यानें मुलगा झिटोमिर येथें कडक धर्मनिष्ठ आजोबांकडे वाढला. व्होलोझिनच्या प्रसिद्ध पाठशाळेंत तो गेला खरा, परंतु तेथून अठराव्या वर्षीं त्यानें ओडेसा गांठलें. पाखरास उद्देशून लिहिलेल्या त्याच्या पहिल्या प्रसिद्ध कवितेनें त्याचें नांव झालें. येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावयास हवी. बियालिकाच्या घरची बोली यिद्दिश होती. हिब्रू ही पाठशाळेची, प्रार्थनेची भाषा. जी भाषा त्या काळीं क्वचितच कोणाची मातृभाषा होती, तींत त्यानें आईच्या दारिद्र्याविषयीं, पाठशाळेंतील विद्यार्थ्याविषयीं व स्वतःच्या रागालोभाविषयीं लिहिलें. संस्कृतांत कोणी आज आपल्या पोटाची खळगी गावी आणि ती ऐकून सबंध समाज हलावा, तसा हा प्रकार होता.

इ. स. १९०३ त किशिनेव्ह शहरीं यहुद्यांची भयंकर कत्तल झाली. ४९ जण मारले गेले. ओडेसांतील इतिहाससंशोधकांच्या मंडळीनें पुरावा गोळा करण्यासाठीं बियालिकास तेथें धाडलें. त्यानें कित्येक आठवडे राहून घराघरांत जाऊन जबान्या टिपून घेतल्या व वह्या भरल्या. परत आल्यावर त्यानें अहवाल लिहिला नाहीं. एक दीर्घ कविता लिहिली. तींत मारेकऱ्यांपेक्षांहि लपून बसलेल्या पुरुषांच्या भ्याडपणावर त्याचा रोष अधिक आहे. त्या कवितेनें पूर्व युरोपांतील यहुदी तरुण पेटून उठले व स्वसंरक्षणाच्या टोळ्या उभ्या राहिल्या. वह्या मात्र तशाच पडून राहिल्या. त्या छापून निघाल्या इ. स. १९९१ त, आणि तेव्हां लोकांच्या ध्यानांत आलें कीं, कांहीं ठिकाणीं यहुद्यांनीं काठ्या-लाठ्या घेऊन प्रतिकार केल्याच्या जबान्या कवीनें स्वहस्तें लिहून घेतल्या होत्या, आणि कवितेंत त्यांस स्थान दिलें नव्हतें.

कै. राजवाड्यांनीं बखर व अस्सल कागद यांतील भेद आम्हांस शिकविला, त्याची येथें आठवण होते. बियालिकाच्या बाबतींत बखरकार व अस्सल कागद लिहिणारा मनुष्य एकच होता. त्याला दोष देण्याकडे आमचा कल नाहीं; कवितेचें काम त्यानें केलें. परंतु वह्या फाडून टाकल्या असत्या, तर किशिनेव्हच्या मेलेल्यांवर भ्याडपणाचा शिक्का कायमचाच राहिला असता.

स्वतः बियालिकास जुन्या कागदांची किंमत पुरेपूर ठाऊक होती. इ. स. १९११ नंतर त्याची कविता जवळजवळ आटली आणि उरलेलें आयुष्य त्यानें संग्रहास वाहिलें. हिब्रूंत ह्या कामास त्यानें 'किन्नुस' म्हटलें. म्हणजे विखुरलेलें गोळा करणें. राव्हनित्स्की ह्या मित्राबरोबर त्यानें तालमूद व मिद्राश ह्या अफाट ग्रंथसमूहांतून कथा वेंचून, विषयवार लावून 'अग्गादांचा ग्रंथ' (१९०८–११) सिद्ध केला. अग्गादा आणि हगादा हे शब्द एकाच धातूपासून आलेले. दोहोंचा अर्थ आख्यानच. पुढें स्पेनमधील मध्ययुगीन कवि शलोमो इब्न गॅबिरोल याच्या कविता हस्तलिखितांवरून जुळवून त्या दोघांनीं संपादिल्या. रशियांत क्रांति झाल्यावर हिब्रू छापखान्यांवर संकट आलें. गॉर्कीच्या रदबदलीनें बियालिकास इ. स. १९२१ त देश सोडतां आला. बर्लिनमार्गें तो १९२४ त तेल अवीवला गेला, व १९३४ त व्हिएन्ना येथें शस्त्रक्रियेनंतर वारला. तेल अवीवमधील त्याचें घर आज संग्रहालय आहे.

त्याच्या कीर्तीला एक चमत्कारिक शाप लागला. त्यानें आपलीं वृत्तें पूर्व युरोपांतील उच्चारपद्धतीवर बसविलीं होतीं. तींत आघात बहुधा उपांत्य अक्षरावर पडतो. नव्या इस्राएलांत रूढ झाली ती दक्षिणेकडील, सेफार्दी वळणाची पद्धति. तींत आघात बहुधा शेवटच्या अक्षरावर. परिणाम असा कीं, राष्ट्रकवि म्हणून ज्याच्या कविता शाळेंत पढविल्या जातात, त्याचें वृत्त वाचणाऱ्याच्या तोंडीं मोडतें. मोरोपंतांच्या आर्या ऱ्हस्वदीर्घ न पाळतां म्हणाव्यात, त्यांतलीच ही गत.

आतां दोन्ही वाटा समोर ठेवून पहा. हिब्रू आख्यान लोकांपर्यंत न्यावयाचें, ही गरज ओडेसांतहि होती व मुंबईंतहि होती. बियालिकानें भाषाच लोकांकडे आणली. अष्टमकर-दिवेकरांनीं आख्यान लोकांच्या भाषेंत नेलें; कारण त्यांची मायबोली मराठी होती, तींत त्यांस लाज वाटत नव्हती, आणि शेजारीं कीर्तनासारखें तयार साधन होतें. आमच्या मतें दुसरी वाट पहिलीहून हलकी नव्हे. तिच्या वांट्यास उपेक्षा आली ती दुसऱ्याच कारणानें. हिब्रूचे अभ्यासक तिला मराठी म्हणून सोडतात. मराठीचे अभ्यासक तिला यहुदी म्हणून सोडतात. हायम सॅम्युएल किहीमकरांनीं आपल्या समाजाचा विस्तृत इतिहास इ. स. १८९७ च्या सुमारास इंग्रजींत लिहून ठेवला. तोहि छापला गेला चाळीस वर्षांनीं, १९३७ त, तेल अवीव येथें. आणि तो छापून आणणारे डॉ. इमॅन्युएल ओल्स्वांगर हे संस्कृतज्ञ होते, ज्यांनीं पुढें भगवद्गीता हिब्रूंत उतरविली. हिंदुस्थानांतील यहुद्यांचें पुस्तक बाहेर येण्यास गीतेचा भाषांतरकार लागला, हें नमूद करण्याजोगें आहे.

इ. स. १९४८ नंतर बेने इस्राएलांपैकीं बहुसंख्य लोक इस्राएलांत गेले. तेथें ज्या पिढीनें लहानपणीं मराठी कीर्तनें ऐकलीं, तिच्या मुलांनीं शाळेंत बियालिक पाठ केला. दोन वाटा त्या घरांत एकत्र आल्या. 'मायबोली' नांवाचें मराठी नियतकालिकहि त्या मंडळींनीं तिकडे चालविलें. इकडे मात्र घरें रिकामीं झालीं, सामान वांटलें गेलें, आणि कागद रद्दींत अगर जुन्या पुस्तकवाल्यांकडे गेले. शिवाय ह्या लोकांत एक रूढि आहे: ईश्वराचें नांव असलेला जीर्ण हिब्रू कागद जाळीत नाहींत, तो पुरतात किंवा सिनेगॉगांत एका बाजूस सांठवितात. आपण जीर्ण पोथी नदींत सोडतों, त्यांतलाच भाव. कैरो येथील अशाच कोठारांतून १८९६-९७ सालीं शेख्टर ह्या पंडितानें सुमारें दोन लक्ष तुकडे केंब्रिजला नेले व मध्ययुगाचा इतिहास पालटला. कोंकणांतील कागद दमट हवेंत तितके टिकणारे नव्हेत.

संग्राहकांच्या सोयीसाठीं कांहीं खुणा देतों. हिब्रू-मराठी पुस्तक उजवीकडून उघडतें. म्हणून पाहणारा त्यास उलटें बांधलेलें समजतो व मुखपृष्ठ नाहीं असें लिहून ठेवतो. तें शेवटच्या पानाकडून पाहावें. सन बहुधा हिब्रू अक्षरांत असतो. अक्षरांस संख्यामूल्य असून हजारांचा अंक गाळण्याची पद्धति आहे. ताव ४००, रेश २००, लामेद ३०, दालेत ४, मिळून ६३४, असें आढळल्यास त्यांत १२४० मिळवावे, म्हणजे १८७४ हा ख्रिस्ती सन येतो. शक वर्षांत ७८ मिळविण्यासारखेंच हें आहे. वर्ष शरद ऋतूंत सुरू होत असल्यामुळें आरंभीच्या तीन-चार महिन्यांपुरता एक कमी धरावा. केवळ बाळबोध अक्षर असलेल्या कीर्तनाच्या चोपड्या ओळखणें याहून अवघड, कारण वरून त्या इतर कीर्तनांसारख्याच दिसतात. अशा वेळीं रचनाकाराचें आडनांव व आख्यानाचें नांव दोन्ही पाहावीं. योसेफ वा मोशे दिसला म्हणजे पुस्तक मिशनऱ्यांचेंच, असें समजण्याची चूक करूं नये.

छापील पुस्तकांहून मोलाच्या वाटतात त्या स्त्रियांच्या गाण्यांच्या वह्या. पुरुषांचें कीर्तन मागें पडल्यावर हीं पदें स्त्रियांनीं आपसांत गाऊन टिकविलीं व वहींत उतरून घेतलीं. अशा वहीवर सन नसतो. परंतु मराठी पदसंग्रहांत पदाच्या डोक्यावर 'चाल' देण्याचा प्रघात आहे, आणि ती चाल बहुधा एखाद्या नाटकांतील असते. चाल 'सौभद्रां'तील असल्यास तें पद १८८२ च्या आधींचें नव्हे. 'मानापमानां'तील असल्यास १९११ च्या आधींचें नव्हे. वहींतील सर्वांत अलीकडची चाल कोणती हें पाहिलें, म्हणजे वहीच्या काळाची एक बाजू बांधली जाते. दुसरी बाजू कागदाचा जलचिन्हांकित शिक्का, अथवा वही विकणाऱ्या दुकानदाराचा छाप, यांवरून पाहावी.